होळी ते पाडवा

आमच्या शहराला वसंत ऋतू फार दिवस परवडत नाही. पंचांगात तो चैत्र-वैशाख असा ऐसपैस मांडलेला असतो. प्रत्यक्षात होळी ते पाडवा एवढा पंधरवडाच काय तो हाती लागतो. होळीच्या आधी पहाटे गोधडी अंगावर ओढावी लागते आणि पाडव्याच्या दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. ज्या देशांत बर्फ पडतं तिथे वसंत म्हणजे बंद दारं-खिडक्या उघडण्याचा, माती मोकळी होण्याचा काळ. मराठवाड्यात उलटं. इथे उन्हाळा उंबऱ्यापाशी येऊन ठेपलेला असतो, आणि त्याने आत पाऊल टाकायच्या आत घर, पाणी, धान्य, झाडं सगळं सावरून घ्यायचं असतं. कोकिळा ओरडते, पण तिच्याकडे लक्ष द्यायला सवड कुणाला?

ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकांत औरंगाबादच्या सिडकोत गेलं (शहराचं नाव तेव्हा तेच, म्हणून तेच लिहितो), त्यांना या पंधरवड्याची ओळख करून द्यायला नको. सिडको स्थापन झाली १९७० साली, नवी मुंबई वसवायला. थोड्याच काळात तिच्याकडे नव्या औरंगाबादचंही काम आलं आणि जुन्या शहराच्या पूर्वेला माळरानावर एन-१, एन-२ अशी आकडे लावलेली सेक्टरं उभी राहू लागली. पत्ते असे, की गावाकडच्या पाहुण्याला ते कारखान्यातल्या सुट्या भागांच्या नंबरांसारखे वाटायचे. या घरांत राहायला आलेली माणसं मात्र पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, अंबड, भोकरदन इथली. चिकलठाण्याच्या कारखान्यांत, एसटीत, बँकेत, जिल्हा परिषदेत, विद्यापीठात लागलेली. बहुतेकांनी १९७२चा दुष्काळ गावी काढलेला. कुणी दुष्काळी कामावर खडी फोडलेली, कुणी रेशनचा तांबडा मिलो खाल्लेला, शाळेत सुकडी तर सगळ्यांनीच. शेती भावाकडे सोपवून ही मंडळी महिन्याच्या पगारावर आली होती.

त्यांना मिळालेलं घर म्हणजे दीड-दोन खोल्या, मोरी, पुढे चार पावलांचं अंगण आणि मागे जेमतेम तेवढंच परस. पुढच्या अंगणात तुळस, जास्वंद आणि सायकल. मागच्या परसाकडे त्यांनी बाग म्हणून कधी पाहिलंच नाही. ते त्यांच्या वाटणीला आलेलं रान होतं.

सुरुवात व्हायची गच्चीपासून. गावाकडची घरं माळवदाची: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपून घेतली नाही तर मृगात घरभर भांडी मांडायची वेळ यायची. सिडकोत सिमेंटचा स्लॅब मिळाला तरी वडीलमंडळींची ती सवय सुटली नाही. होळीची राख निवली, की जो तो आपापल्या गच्चीवर. वर्षभराचं अडगळीचं सामान हलवायचं, खराट्यानं झाडायचं, बारीक तडे शोधून त्यात वितळवलेलं डांबर नि वाळू भरायची. मग चुना.

चुन्याची तयारी हा आम्हा मुलांचा आवडता खेळ होता. मोंढ्यातून कळीचा चुना यायचा, पांढऱ्या ढेकळांचा. एखाद्या फुटक्या पिंपात तो टाकून वर पाणी ओतलं, की क्षणभर काहीच व्हायचं नाही. नंतर पिंपाच्या तळातून एक खोल गुरगुर यायची, ढेकळं तडकायची, आणि सगळं पिंप खदखदायला लागायचं. वाफ तोंडावर यायची. कुणी तरी ओरडायचं, "डोळे सांभाळा रे!" आणि आम्ही दोन पावलं मागे सरून लगेच तीन पावलं पुढे यायचो. रात्रभर तो निवायचा. सकाळी फडक्यातून गाळून त्यात मूठभर मीठ आणि पाण्यात विरघळवलेला डिंक, म्हणजे हाताला सुटत नाही. भिंतीसाठी असेल तर निळीची पुरचुंडी. गच्चीसाठी नीळ नको, ती निव्वळ पांढरी हवी. अंबाडीच्या कुंच्यानं दोन हात दिले, की त्या रात्री खालच्या खोलीत फरक पडायचा. हल्ली अहमदाबादसारख्या शहरांच्या उष्णतेच्या आराखड्यात गच्च्यांना पांढरा रंग देण्याची मोहीम असते, आणि त्यावर परिसंवाद होतात. आमच्या गल्लीत परिसंवाद नव्हता. पगार कमी होता आणि पंखा एकच होता.

याच दिवसांत गल्लीत माणसं यायची. कल्हईवाला लिंबाच्या झाडाखाली भाता लावायचा. नवसागराचा झणझणीत धूर उठायचा आणि काळवंडलेलं पातेलं कापसाच्या बोळ्याच्या एका फेऱ्यात आतून चांदीसारखं पांढरं होऊन बाहेर यायचं. पिंजारी धुनकी खांद्यावर टाकून यायचा. गाद्यांचा कापूस उसवून अंगणात ढीग पडला, की त्या तारेचा आवाज दुपारभर. पाटा-वरवंट्याला आणि जात्याला टाकी लावणाऱ्या बाया यायच्या. टाकी लावल्यावर पहिलं मूठभर धान्य दळून ते पीठ फेकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच असते. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळालं नाही. शिवाय बाजेची नवार ताणून घेणं, दाराच्या चौकटीला लागलेली उधई खरवडून तिथे डांबर फासणं, पत्र्याच्या कोठ्या उन्हात तापवून त्यांत नवी ज्वारी नि बन्सी गहू भरणं, मध्ये लिंबाचा पाला. कुरडया-पापडांचं पुराण मी इथे लावत नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, आणि गरम चिकाची चव वाचून कळत नाही.

कूलरबद्दल मात्र लिहायला हवं, कारण औरंगाबादचा उन्हाळा त्याच्याशिवाय सांगता येत नाही. लोखंडी पत्र्याची ती पेटी वर्षभर खिडकीत जुन्या चादरीखाली असायची. चादर काढली, की आत चिमणीचं घरटं. जुनं गवत काढायचं. क्षारांनी ते इतकं कडक झालेलं असायचं की मोडताना कडकड आवाज व्हायचा. टाकीच्या तळाला गंज आलेला, तो घासून वर रंगाचा हात. टुल्लू पंप पाण्याच्या बादलीत सोडून बघायचा. त्याने पिचकारी मारली, की घरभर टाळ्या. नवं गवत भरताना वडील मध्ये थोडा वाळा घालायचे. पहिल्या दिवशी कूलर सुरू झाला, की त्या ओल्या वाळ्याच्या वासापुढे कुठलंही अत्तर फिकं.

कूलरची टाकी धुतलेलं पाणी, माठ विसळलेलं पाणी, तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी जायचं परसात. मोरीतून एक चर काढलेला असायचा. आंघोळीचं पाणी त्यातून केळीच्या बुंध्याशी, तिथून चमकोऱ्याच्या वाफ्यात. भांडी राखेनं घासायची रीत होती तोवर तेही पाणी चालायचं. साबणाची पावडर आली तशी बायकांनी ते वेगळं काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. पानांच्या कडा करपलेल्या त्यांना दिसल्या होत्या.

परसाची माती म्हणजे मुळात माती नव्हतीच. पहार मारली की मुरूम, त्याखाली दगड. म्हणून आळी खणून मुरूम बाहेर काढायचा आणि आत माती घालायची. कुणी गवळीवाड्यातून शेणखत आणायचं. गावाहून येणाऱ्या एसटीच्या टपावर ज्वारीच्या पोत्याशेजारी काळ्या मातीचं पोतं आलेलंही आम्ही पाहिलं आहे. कंडक्टर विचारायचा, "यात काय?" उत्तर मिळायचं, "रान हाय, साहेब." आळ्यात एक थर माती, एक थर खत, मूठभर होळीची राख, वरून लिंबोळीचा चुरा. उन्हाळी भाजीची पेरणी खरी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू व्हायची. होळी ते पाडवा हा तिचा शेवटचा टप्पा. भेंडी, गवार, चवळी, दोडका, गिलके, कारलं, दुधी. कडेला आंबट चुका, अंबाडी, तांदुळजा. कोपऱ्यात शेवगा, बिनपाण्याचा, बिनमायेचा, आणि तरीही सगळ्यांत उदार. फळझाड हवं असेल तर हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्रातून कलम आणायचं, रिक्षात पायांमध्ये धरून.

वेलांना मांडव तुराट्यांचा आणि पऱ्हाट्यांचा. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं. ते उमललं, की आई हाक मारायची, "चला रे, वांझ फुलं आणा." नर फुलाला आमच्याकडे वांझ फूल म्हणायचे. त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधला पिवळा दांडा मोकळा करायचा आणि ज्या फुलाच्या मागे बोटाएवढा हिरवा, लवदार भोपळा लागलेला आहे त्याच्या तोंडावर हळूच फिरवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो चिमुकला भोपळा मान खाली घालून फुगायला लागला, तर फळ धरलं. पिवळा पडून गळाला, तर दोष हाक उशिरा मारणाऱ्या आईचा नाही, खेळातून उशिरा आलेल्या पोरांचा. परागीभवनाचा धडा पुढे आठवीत आला, तेव्हा अर्ध्या वर्गाला तो आधीच येत होता. कारल्यावर फळमाशी बसू नये म्हणून प्रत्येक कारल्याला वर्तमानपत्राची पुरचुंडी बांधायची. दैनिक 'मराठवाडा'चे कितीतरी अग्रलेख आमच्या परसात असे कारल्याच्या कामी आले.

भेंडीची गोष्ट जरा वेगळी आहे. ती आमच्याच भागात घडली, आणि तिची इथे हवी तेवढी चर्चा झालेली नाही. १९६०च्या आसपास जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या सुधारित वाणाचं बियाणं आणून आपल्या शेतात वाढवलं आणि त्याचं बीजोत्पादन सुरू केलं. १९६४ साली त्यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९८१ साली. बारवाल्यांना पुढे, १९९८मध्ये, जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एवढ्या मोठ्या बियाणे उद्योगाची सुरुवात एका भेंडीपासून झाली, याचा आमच्या आयांना पत्ता नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की सावनीची भेंडी कोवळी, लांब, बिनकाट्याची.

पण ऐंशीच्या दशकात तिच्यावर हळद्या यायला लागला. पानांच्या शिरा आधी पिवळ्या, मग सगळं पानच हळदीत बुडवल्यागत, आणि भेंड्या पांढुरक्या, दोरीसारख्या चिवट. पांढरी माशी हा रोग पसरवते. एकाच्या परसात आला, की आठवड्यात अख्ख्या ओळीत. औषध नाही, झाड उपटून जाळायचं, एवढाच उपाय. त्याच सुमारास परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' हा वाण काढला. सावनीचा जंगली भेंडीशी संकर करून, नंतर निवड करत करत तयार केलेला, हळद्याला दाद न देणारा. गल्लीत कुणाचा तरी भाऊ परभणीला शिकायला होता. त्याने सुट्टीत येताना कागदाच्या पुडीत हे बी आणलं. पुडी एका घरात आली, पण बी ओळीतल्या सगळ्या घरांत गेलं, चिमूट-चिमूट. त्या उन्हाळ्यात हिरवीगार भेंडी पाहून आमच्या समोरच्या काकू म्हणाल्या, "क्रांती क्रांती म्हणतात ती हीच व्हय?"

भाजी विकत कुणी घ्यायचं नाही, असं मुळीच नव्हतं. औरंगपुऱ्याच्या मंडईत आणि रविवारी जाफर गेटच्या बाजारात जावंच लागायचं. परसात बटाटे-कांदे थोडेच पिकतात. पण चैत्र-वैशाखात भाज्या महागायच्या आणि सुकायच्या, तेव्हा घरच्या दोन दोडक्यांना किंमत यायची. त्याहून मोठा व्यवहार वाटीचा. चुका दिला की गिलके यायचं. शेवग्याच्या शेंगा दिल्या की वाटी रिकामी परत यायची नाही, काहीच नसलं तर चार कढीपत्त्याची पानं तरी. भांडणंही व्हायची. वेलाला कंपाउंड वॉल समजत नाही. त्यावर एक अलिखित कायदा होता: भिंतीपलीकडे लोंबलेलं फळ पलीकडच्याचं, मूळ तोडायचं मात्र नाही. हा कायदा मोडणारी घरं पुढे लग्नाच्या अक्षतांनाही एकमेकांकडे जात नसत.

या सगळ्याचं श्रेय वडीलमंडळी घ्यायची. पहार त्यांनी चालवली, मांडव त्यांनी उभारला, हे खरं. पण मांडव एक दिवसाचं काम, पाणी रोजचं. मोरीचा चर वळवणं, मावा दिसला की फडक्यातून राख धुरळणं, बी राखण्यासाठी एक दोडका वेलावर वाळेपर्यंत सोडणं आणि तो कुणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधणं, हे आयांनी केलं. परसातली शेती बायकांची होती. पाहुण्यांना ती दाखवायला नेणारे पुरुष होते.

पाण्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. या शहराला पाण्याची अक्कल जुनी. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातलं पाणी खापरी नळांतून उतारावर खेळवलं, ती नहर पुढे कित्येक पिढ्या वाहती होती. नंतर हर्सूलचा तलाव, आणि मग जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. त्याच सुमारास अन्नटंचाई होती. शास्त्रीजी लोकांना घराभोवती भाजीपाला-धान्य पिकवा म्हणत होते आणि स्वतः दिल्लीतल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर त्यांनी नांगर चालवला होता. १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. पैठणहून पाणी उपसून इतक्या उंचावरच्या शहरात चढवायचं आणि ते नळाला यायचं. सिडकोच्या परसांना शास्त्रीजींच्या दोन्ही गोष्टी लाभल्या, असं मला वाटतं.

मग दिवस पालटले. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती आणखी कारखाने आले, शहर पश्चिमेकडे धावत सुटलं. घरात स्कूटर आली, नंतर गाडी. मुलं मोठी झाली, त्यांना खोली हवी. परसावर स्लॅब पडला. यात गैर काही नाही. अंगणात गवार आणि घरात तीन भावंडं एका खाटेवर, असा संसार कुणी करू नये. २००६ साली सिडकोच्या वसाहती महापालिकेकडे गेल्या, मजले चढत गेले. हळूहळू पाणी दोन दिवसांआड, चार दिवसांआड, पुढे त्याहूनही उशिरा येऊ लागलं. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झालं. दरम्यान घरोघरी जमिनीखाली टाक्या, वर काळ्या टाक्या, मध्ये टँकर.

खोलीसाठी परस गेलं, ते समजतं. उरलेल्या चार फुटांच्या पट्टीवर जी चकचकीत फरशी बसवली गेली, ती मला समजत नाही. तिथे खोली नाही, गाडी मावत नाही; आहे फक्त रोज धुवावी लागणारी फरशी. ज्या शहरात नळाची वाट पाहत कॅलेंडरवर खुणा होतात, तिथे पिण्याजोग्या पाण्याने फरशी धुतात आणि आंघोळीचं पाणी गटारात सोडतात. आमच्या आयांना हा हिशेब कुणीही समजावू शकलं नसतं.

सगळंच संपलं असंही नाही. सकाळी एन-सेक्टरांतून फेरी मारली तर गच्च्यांवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो दिसतात, ठिबकच्या बारीक नळ्या दिसतात. एका ओळीत अजून शेवगा उभा आहे; त्याच्या शेंगा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काढतात. एसीचं ठिबकणारं पाणी बाटलीत धरून कढीपत्त्याला घालणारी सूनबाईही पाहिली. सासूबाईंनी सांगितलं का, म्हणून विचारलं. "नाही हो, पाणी वाया जातंय ते बघवत नाही," म्हणाली.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी चार फुटांची पट्टी असेल, त्यांना सांगणं एवढंच: होळी झाली की कडेच्या दोन फरशा उचला. हातभर आळं खणा, मुरूम बाहेर, माती-शेणखत आत. मोरीचा किंवा आंघोळीच्या पाण्याचा एक पाइप तिकडे वळवा. साबणाच्या पावडरीचं पाणी तेवढं टाळा. गिलक्याच्या नाहीतर दुधीच्या चार बिया रात्रभर भिजवून लावा, कोंब आले की त्यांतले दोन ठेवा. वेल खिडकीच्या गजांवर चढवा, पश्चिमेचं ऊन अडेल. आणि पाडव्याच्या पुढे लांबवू नका. त्यानंतरच्या उन्हात कोंब तग धरत नाहीत.